थुंकायचं नाही, गिळायचं

"कापूस दाबून धरा. बोलू नका. थुंकू नका. तोंडात येईल ते गिळा."

बारामतीतल्या माझ्या दवाखान्यात ही वाक्यं मी इतक्यांदा बोलले आहे की ती माझ्या जिभेला चिकटूनच बसली. घरी नवरा कधी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरला, तर माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "बोलू नका, गिळा." बिचारा गिळायचा.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "मॅडम, दातांच्या गमतीजमती लिहा. फराळाच्या दिवसांत हलकंफुलकं बरं असतं." गमतीजमती आहेत की. वडगाव निंबाळकरचा एक पैलवान सुई बघूनच खुर्चीत आडवा झाला होता. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते, "मॅडम, तालमीत सांगू नका." लोणी देवकरच्या कारखान्यातला एक कामगार काढलेली दाढ कागदात गुंडाळून घेऊन गेला, का तर सुपरवायझरला दाखवल्याशिवाय सुट्टी मिळत नव्हती. पण हे सगळं चकलीबरोबर खाण्यापुरतं. मला लिहायचंय ते दात काढण्याबद्दल नाही, दात काढल्यावर काय होतं त्याबद्दल. काढणं हे मनगटाचं काम, ते मला येतं. राखणं हे पेशंटच्या डोक्याचं काम, आणि तिथंच सगळी बोंब.

ज्यांचे दात अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी आधी सांगते. दात काढला की हिरडीत खड्डा राहतो. त्यात रक्त भरतं, गोठतं, त्याची गाठ धरते. ती गाठ हेच औषध. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं आणि जखम हळूहळू भरत येते. विरजण लावलेलं भांडं कुणी सारखं हलवत बसलं तर दही लागेल का? हे तसंच आहे. म्हणून पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, विडी ओढायची नाही, जिभेनं चाचपायचं नाही, कढत चहा प्यायचा नाही. गार दहीभात खा, पोरांना गारीगार द्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलकेच खळखळा. एवढं पाळलं नाही तर गाठ निघून येते, खड्डा कोरडा पडतो, हाड उघडं पडतं. मग जी कळ निघते ती कानात, डोळ्यात, मानेत. चार-चार बाळंतपणं झालेल्या बायका मला सांगत, "बाई, ह्यापरीस बाळतपन बरं."

पण आमच्याकडं लहानपणापासून शिकवलेलं असतं की घाण रक्त गिळू नये, बाहेर पडू द्यावं. म्हणून माणूस दवाखान्याचा जिना उतरला की पिचकाऱ्या सुरू. बायकांची आणखी एक तऱ्हा, मिशरी. तव्यावर तंबाखू भाजून, चुरून दातांना लावायची, ती लावल्याशिवाय त्यांना दिवस उगवत नाही. एकीला बजावलं, "आठवडाभर मिशरीला बोट लावायचं नाही." परत आली ती खड्डा काळाकुट्ट भरून. म्हणाली, "बोट न्हायच लावलं. काडीनं लावली." आता हिला काय म्हणायचं, कपाळ?

अशांवर मी ओरडायची. हो, ओरडायचीच. गोड बोलून बघितलं होतं, गोड बोललेलं जिना उतरेपर्यंत टिकत नाही.

माझी थोडी ओळख करून देते. मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या बौद्धवस्तीतली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे पाळीप्रमाणं दारं उघडून शेतांना पाणी सोडणारा माणूस. त्या पगारावर त्यांनी मला दातांची डॉक्टर केलं. नव्वद सालानंतर मी बारामतीत एका दुकानाच्या वर, रस्त्याकडच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकला. हत्यारं उकळायला, माणसं आत-बाहेर करायला सुमनताई होत्या. त्या बारामतीच्याच, वयानं माझ्याहून मोठ्या, आणि गावातली बातमी त्यांच्याकडं वर्तमानपत्राच्या आधी यायची.

माझं आडनाव असं आहे की ते पाटलांच्यातही आहे आणि आमच्यातही. त्यामुळं पाटी वाचून माणसं निर्धास्त वर यायची आणि खुर्चीत बसली की चौकशी सुरू करायची.

"गाव कुठलं, मॅडम?"

"वरकुटं."

"आसं व्हय. वरकुट्यात कुणाच्या?"

मी म्हणायची, "आ करा."

लपवायचं होतं म्हणून नव्हे हं. लपवायचं असतं तर समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या, चष्म्यातल्या त्या माणसाचा फोटो लावला नसता. खुर्ची मागं कलंडली की पेशंटची नजर नेमकी त्या फोटोवर जायची. तोवर जबडा बधिर झालेला असायचा. कुणी डोळे मिटायचं, कुणी हात जोडायचं, बहुतेकांना कळ एवढी असायची की फोटो दिसायचाच नाही.

हौसाक्काला दिसला.

हौसाक्का म्हणजे वडगाव निंबाळकरच्या एका मोठ्या बागायतदार घरातली म्हातारी. ऊस, गाई, दारात जीप, मुलगा विलासराव साखर कारखान्याचा सभासद, गावात शब्दाला वजन. म्हातारी अंगानं काटकुळी, पण आवाज असा की गोठ्यातली गाय कान टवकारील. खालची डावी दाढ किडून पोखरली होती, गाल सुजला होता, डोळ्याला डोळा नव्हता. औषधानं सूज उतरवून मग तिला बोलावलं. इंजेक्शन दिलं, खुर्ची मागं घेतली. ती वर बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग परत फोटोकडं. काहीतरी बोलायला गेली, पण ओठ बधिर. मी दाढ काढली. नीट निघाली, मुळासकट. कापसाचा बोळा ठेवला आणि नेहमीची वाक्यं बोलले. ती मान न हलवता उठली आणि निघाली.

मी हात धुऊन खिडकीशी आले तर खाली जीपजवळ हौसाक्का उभी. तोंडातला बोळा तिनं रस्त्यावर फेकलेला. विलासराव तांब्या धरून ओततोय आणि ही ओंजळीनं पाणी घेऊन खळाखळा चुळा भरतीय.

मी वरून ओरडले, "आक्का! चूळ भरू नका! थांबा!"

तिनं मान वर केली. मला बघितलं. आणि माझ्याकडं बघत बघत आणखी एक चूळ भरली, आणि पचकन थुंकली.

तेव्हा मला वाटलं, घाण रक्ताचंच खूळ असेल. वाटलं म्हणजे, तसं वाटून घेतलं.

व्हायचं तेच झालं. तीन-चार दिवसांत विलासराव आईला दंडाला धरून जिना चढून आला. बाहेरच्या बाकावर माणसं होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "मॅडम, दाढ काढली का जीव काढायला बसलाय? म्हातारी रातरात वरडतीया. शेजारच्या वस्तीवरची मानसं उठून आली. तुमच्या हाताला गुण न्हाय, सरळ सांगतो."

मी म्हणाले, "आक्कांना आत आणा."

खड्डा बघितला. कोरडा ठणठणीत, तळाशी हाड पांढरं दिसत होतं, वास येत होता. मी विलासरावाला म्हणाले, "गाठ निघून आलीय. त्या दिवशी खाली चुळा भरल्या, त्यानं. तुमीच पाणी ओतत हुता."

त्यानं डोळे वटारले. "तोंड कडू झालं म्हनून एक गुळना केला तिनं. तेवढ्यानं काय हुतंय? आं? सवताची चूक म्हातारीवर ढकलताय व्हय? चुकलं म्हना, आन् मोकळ्या व्हा."

"माझं चुकलं असतं तर तुमी सांगायच्या आधी म्हटलं असतं," मी म्हणाले. "चुकलेलं नाही. म्हणणार नाही."

तो आईकडं वळला. "आक्का, तू सांग, किती चुळा भरल्या?"

हौसाक्कानं तोंड फिरवलं. गालावर हात धरून भिंतीकडं बघत राहिली. आणि बाहेरच्या बाकावरच्या दोघी "पिशवी इसरली की यष्टीत" म्हणत उठल्या आणि जिना उतरल्या.

असो. भांडण एका बाजूला आणि कळ एका बाजूला. मी खड्डा कोमट सलाईननं धुतला आणि लवंगतेलाची पट्टी आत बसवली. या पट्टीची एक गंमत आहे. उघड्या हाडावर ती बसली की कळ अशी विरते, जसं कुणी बटण बंद केलं. हौसाक्काचे खांदे खाली आले, मूठ सुटली आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. किती रात्रींची झोप होती कोण जाणे. ती निळ्या कोटाच्या फोटोसमोर तोंड उघडं टाकून घोरत होती आणि मी नि विलासराव तिच्या दोन बाजूंना उभे. दोघांनीही तिला उठवलं नाही.

पण बाहेर बातमी फुटली होती. आमच्याकडं औषध अर्धं बाटलीत आणि अर्धं हातात असतं असं मानतात. डॉक्टर हुशार आहे की नाही हे कुणी विचारत नाही, हातगुण आहे का ते विचारतात. आणि एकदा हातगुण नाही म्हटलं की त्यावर अपील नसतं. सुमनताईंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, "वडगावात बोलत्यात बाई. म्हंत्यात, त्या बाईच्या हाताला गुण न्हाय. आन् पुढं हळूच म्हंत्यात, आसंल कसा?"

"आसंल कसा म्हणजे?"

सुमनताईंनी चहात साखर हलवली. "आता तुमास्नी का कळत न्हाय?"

कळत होतं. बाक रिकामा दिसायला लागला. कळ असलेला माणूस कुठंही जातो हो, पण बारामतीत दुसरे डॉक्टर होते. माझा दवाखाना राहणार की बंद पडणार हे त्या म्हातारीच्या जबड्यातल्या करंगळीएवढ्या खड्ड्यावर येऊन ठेपलं होतं. खरं काय ते तिलाच माहीत होतं, आणि ती बोलायला तयार नव्हती.

हितचिंतक जमले. कॉलेजचा एक मित्र म्हणाला, "पुण्याला ये. तिथं कोण विचारतंय तू कुणाची?" दुसऱ्या एकानं, तो तर आमच्यातलाच, सल्ला दिला, "ताई, फोटो आतल्या खोलीत लावा. मनात आहेच की. धंद्याचं बघा." मला असा संताप आला! मी फोटो आत नेला नाही. उलट खुर्चीवरचा दिवा जरा बाजूला ओढला, म्हणजे खुर्चीतून फोटो आणखी नीट दिसेल.

रविवारी वरकुट्याला गेले तर आबांच्या कानावर गेलेलंच. ते अंगणात बसून पायाच्या भेगांना तेल चोळत होते. म्हणाले, "पोरी, म्या उभी हयात दारं उघडली. माझ्या हातचं पानी समद्यांच्या उसाला चाललं. आदी माझ्या रानात सोड म्हून पाय धराया यायचं लोक. त्याच उसाची साखर त्यांच्या देवाच्या पुढं गेली. कुनी पानी धुऊन घेतलं न्हाय. हात तेवढा चालत न्हाय." मग तेलाची बाटली बंद करत म्हणाले, "तू जा पुन्याला. आमी कशाला न्हाय म्हनू?"

"न्हाय जायची," मी म्हणाले. "आबा, मी दात काढायला शिकले, पळायला न्हाय."

ते हसले नाहीत, पण त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं.

हौसाक्का पट्टी बदलायला येत होती. दुसरीकडं जायची तिची हिंमत नव्हती, कारण कळ थांबली होती ती इथं. एकदा विलासराव तिला सोडून खताच्या दुकानात गेला. सुमनताई बाहेर होत्या. मी जुनी पट्टी काढली, खड्डा बघितला. तळातून गुलाबी मांस धरायला लागलं होतं. हाताला काम होतं म्हणून असेल, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, मी वरनं वरडत हुते. तरी चूळ भरली. का?"

तिनं पदरानं ओठ टिपले. मग म्हणाली, "खरं सांगू का?"

"खरंच सांगा. खोट्यानं दाढ बरी हुत न्हाय."

"सांजच्याला देवापुढं दिवा लावती म्या. सासूनं घालून दिल्यालं हाय, लगीन झाल्यापास्नं. त्वांडानं नाव घ्याचं आन् दिवा लावायचा." ती फोटोकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. "आन् तुजा हात त्वांडात गेल्ता. बाटलं वाटलं. म्हून धुतलं."

माझ्या हातात चिमटा होता. चिमट्यात लवंगतेलात भिजलेली पट्टी होती. मला सगळं आठवलं, शाळेत मला बघून डब्यांवर ठेवलेली झाकणं, हॉस्टेलात सोबतच्या मुलीनं न सांगता बदललेली खोली, सगळं. मला राग आला, लाज वाटली नाही, हे लिहून ठेवते. क्षणभर वाटलं, चिमटा ठेवावा आणि म्हणावं, उठा, जा, दिव्यालाच विचारा आता कळेवर औषध.

मी म्हणाले, "आक्का, तुमचं तोंड बाटलं नव्हतं. कुजलं हुतं. ते मी धुतलं. धुतलेलं तुमी बाटवलं, आन् म्हून मरणाच्या कळा सोसल्या. आता आ करा."

तिनं आ केला. मी पट्टी बसवली. नेहमीपेक्षा हळुवार बसवली, कारण रागात हात जड पडतो हे मला माहीत आहे आणि माझा हात जड पडू द्यायचा नव्हता. तो हात माझा आहे. त्याला बट्टा लावायची कुणाची टाप नाही.

डावी बाजू बरी झाली. आता उजवीकडची दाढ काढायला झाली होती, तीही किडलेली, हलणारी. कळ नव्हती, पण थांबण्यात अर्थ नव्हता. हौसाक्का जाता जाता दारात वळली आणि सुमनताईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "ही बी तूच काढ. तुजा हात हलका हाय. पर हितं नगं. म्या जीप लावून देती, हत्यारं घिऊन वस्तीवर ये. गोठ्यात उजेड चांगला हाय, सारवून ठिवती. पुढनं नगं, मागनं ये. कुनाला कळायचं न्हाय."

बघा! हात हलका आहे, पण मागच्या दारानं. गावभर गुण नाही म्हणून बोभाटा, आणि गोठ्यात गुण आहे.

"आक्का," मी म्हणाले, "दात गोठ्यात काढत न्हाईत. गाईचे पण न्हाईत. काढायची तर हितं, ह्या खुर्चीत. बाजाराच्या दिवशी, गुरुवारी. पुढच्या जिन्यानं यायचं. काढल्यावर कापूस धरून बाहेर बाकावर बसायचं, समद्यांत, अर्धा तास. आन् दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चूळ न्हाय. थुंकायचं न्हाय. गिळायचं."

"आन् दिवा?"

"सून लावंल. न्हायतर तोंड मिटून लावा. दिव्याला दाढ लागत न्हाय."

"लई तोंडाळ हाईस," ती म्हणाली आणि निघून गेली. पायऱ्यांवर तिची काठी बराच वेळ वाजत राहिली.

सुमनताई म्हणाल्या, "गेली की हो. यायची न्हाय आता. एवढं ताणायला नगं हुतं. गोडीत घेतलं असतं तर तिनं चार ठिकानी चांगलं सांगितलं असतं." त्यांचंही चूक नव्हतं. मागच्या दारानं गेले असते तर बाक कदाचित भरला असता. पण मग मी आयुष्यभर गोठ्यागोठ्यांतून दात उपटत फिरले असते, आणि आबांच्या हातातलं पाणी आणि माझ्या हातातला चिमटा यांत फरक राहिला नसता. पाणी चालतं, हात नाही. तेवढ्यासाठी मी शिकले नव्हते.

एक गुरुवार गेला, ती आली नाही. दुसराही गेला. मी खिडकीत उभी राहिले नाही असं म्हणणार नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बाजार ऐन भरात असताना जिन्यावर काठी वाजली. बाकावर बाजाराला आलेली माणसं बसली होती, वडगावातलीही होती. हौसाक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मागनं विलासराव, तोंड एरंडेल प्याल्यासारखं. "पुन्याला न्हेतो म्हनलं तर ऐकंना," तो सुमनताईंपाशी पुटपुटला. रक्तदाब बघितला, इंजेक्शन दिलं, दाढ काढली. कापूस ठेवला. तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि बाकावर मधोमध बसवलं. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलले, "दाबून धरा. बोलायचं न्हाय. थुंकायचं न्हाय. गिळायचं."

विलासराव पुढं झाला. "चल आक्का, जीपमधी बसून धर की कापूस. हितं कशाला?"

बोलता येत नव्हतं म्हणून तिनं हातानंच त्याला झटकलं. माशी हाकलावी तसं.

वडगावच्या बायका तिच्या गळ्याकडं बघत होत्या. त्यांना रस्त्यावरच्या त्या चुळा माहीत होत्या, त्यांचं कारण त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तोंडात लाळ जमत असणार, रक्ताची चव येत असणार. हौसाक्काचा चेहरा आंबट झाला, डोळे मिटले. मग तिच्या गळ्याची शीर हलली. घोट खाली गेला. थोड्या वेळानं दुसरा. मी दारात हात बांधून उभी होते. आतल्या पेशंटनं दोनदा हाक मारली, मी गेले नाही. अर्धा तास झाल्यावर कापूस काढला, रक्त थांबलं होतं. ती उठली, पदर सावरला आणि कुणाशी न बोलता जिना उतरली. मी खिडकीतून बघितलं. ती सरळ जीपमध्ये चढली.

खरं सांगायचं तर मला एवढ्यावर समाधान नव्हतं. चारचौघांत माणूस हट्टानंही गिळतं. घरी गेल्यावर काय? तिथं तिचा देव्हारा, तिच्या सुना, तिचा हंडा. न्हाणीत जाऊन एक चूळ भरली तर बघायला कोण येणार? पण भरली असेल तर मला कळणार होतं. तोंड खोटं बोलतं, जखम बोलत नाही. एका बाजूनं बाकावर माणसं पुन्हा वाढायला लागली होती, वडगावच्या बायका तर "आक्काला काढली तशी काढा" म्हणून येत होत्या, आणि मी त्यांचे दात काढता काढता मनात एकच धरून बसले होते, की त्या खड्ड्यात काय असेल.

आठवड्यानं ती आली. एकटी आली, विलासराव खाली जीपमध्ये. खुर्ची मागं घेतली, दिवा ओढला. आरसा आत घातला.

खड्डा भरत आला होता. कडेनं गुलाबी, मधे पिवळसर साय धरलेली, कुठं वास नाही, सूज नाही, हाड नाही. गाठ जशीच्या तशी बसली होती, एक कण हललेला नव्हता. इतकी चांगली भरलेली जखम मी त्या वयाच्या तोंडात फार थोड्या वेळा बघितली असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगीच आणखी थोडा वेळ आरसा फिरवत बसले.

"घरी बी चूळ भरली न्हाय?" मी विचारलं.

"न्हाय." ती उठून बसली, ओठ पुसले. "धाकली सून हात धुऊन मागं लागली हुती. म्हनं, आत्याबाय, निस्ती एक तर भरा, बाटल्यावानी ऱ्हाऊ नगा. दिव्याची येळ झाल्ती. म्या म्हनलं, गप बस."

"का पण?"

हौसाक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच वेडी आहे.

"का म्हंजे? भरली आसती तर तू वरडली आसतीस की."

ओरडलेच असते.